परदेशात चांदीचा दागिना घेताना: शिक्का वाचा, पण भरवसा वजनावर ठेवा

चांदीच्या शुद्धतेचा ९२५ हा आकडा उमटवणारा पोलादी पंच कोणालाही ऑनलाइन विकत मिळतो, आणि तो पितळेवरही तितकाच सुबक उमटतो. परदेशातल्या बाजारात चांदी घ्यायला निघालेल्या नवख्या माणसाने एवढं आधी डोक्यात ठेवावं. दागिन्यावरचा आकडा म्हणजे कोणीतरी केलेला दावा असतो. तो दावा कोणी केला, आणि खोटा निघाला तर त्याला कोण पकडणार, यावर त्याची किंमत ठरते. काही देशांत त्यामागे सरकार उभं असतं, काही ठिकाणी कारागीर, आणि काही ठिकाणी कोणीच नसतं. धातूचं वजन मात्र कुठल्याही देशात तेच सांगतं. म्हणून खाली शिक्क्यांइतकीच जागा काट्याला आणि पावतीला दिली आहे.

निघण्याआधी: भाव आणि एक छोटा हिशोब

चांदीचा आंतरराष्ट्रीय भाव ट्रॉय औंसात सांगितला जातो. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, स्वयंपाकाच्या मापातला २८.३५ ग्रॅमचा औंस वेगळा. प्रवासाला निघताना त्या दिवसाचा औंसाचा भाव पाहा, तुम्ही जाणार त्या देशाच्या चलनात फिरवा आणि ३१.१ ने भागा. हा शुद्ध चांदीचा ग्रॅमचा भाव झाला. त्याला ०.९२५ ने गुणलं की स्टर्लिंगचा, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेल्या धातूचा, ग्रॅमचा भाव मिळतो. तो मोबाइलमध्ये लिहून ठेवा. चांदीचा भाव चढउताराच्या बाबतीत मोठा लहरी आहे, त्यामुळे मुक्काम लांबला तर आकडा मधूनमधून ताजा करा.

हा आकडा म्हणजे तुमचा तळ. समजा ४० ग्रॅमचं भरीव कडं समोर आहे आणि विक्रेता ते ९२५ चं आहे म्हणतो. त्यात शुद्ध चांदी ३७ ग्रॅम, म्हणजे साधारण १.१९ औंस. तो त्या कड्याचे एका औंसाच्या भावाइतकेच पैसे मागत असेल, तर तो धातूच्या किमतीहून कमी भावात विकतोय आणि वर घडणावळही सोडतोय. असा दानशूर व्यापारी जगात कुठे नसतो. ते कडं खाली ठेवा आणि पुढे चला, कसलीही चाचणी करायची गरज नाही. बाजारातली निम्मीअधिक खोटी चांदी या एका हिशोबातच गळून पडते असं माझं मत आहे, आणि नेमका हाच हिशोब करून निघणारे फार थोडे.

सोबत काय न्यायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, वाटाण्याएवढा निओडिमियम चुंबक, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशात मावणारा काटा आणि हातभर शिवणाचा दोरा. एवढं सगळं चष्म्याच्या घरात बसतं. चांदी तपासायचं ॲसिड मात्र नेऊ नका. ते नायट्रिक ॲसिड असतं, विमानात चालत नाही, आणि दुकानदाराच्या मालावर त्याचा थेंब टाकायचा तुम्हाला हक्कही नाही.

आकडे काय सांगतात

आकडा म्हणजे हजारातले चांदीचे भाग. ९९९ ही जवळजवळ शुद्ध चांदी. नाणी आणि चिपांना ठीक, पण दागिन्याला मऊ पडते. ९२५ म्हणजे स्टर्लिंग, जगभरच्या दागिन्यांत सर्वांत जास्त चालणारी; उरलेले ७५ भाग बहुतेक वेळा तांब्याचे. पेरूमध्ये ९५० सर्रास मिळते. ब्रिटनमध्ये ९५८ चा ब्रिटानिया नावाचा दर्जा आहे. चीनमध्ये ९९० आणि त्यावरच्या चांदीला 'त्सू यिन' म्हणतात.

९२५ पेक्षा लहान आकडा दिसला म्हणजे माल खोटाच, असं नाही. जर्मनी आणि इटलीच्या जुन्या कामात ८०० नेहमीचा, स्कँडिनेव्हियात ८३०. रशियाच्या झारकालीन चांदीवर ८४ असतं. ते टक्के नव्हेत. तिथे शुद्ध धातू ९६ झोलोत्निक (तिथलं जुनं माप) धरायचे, म्हणजे ८४ झोलोत्निक बरोबर ८७५. ओमानमधले जुने दागिने पुष्कळदा मारिया थेरेसा थेलर ही ऑस्ट्रियन नाणी वितळवून केलेले असतात. त्या नाण्यात चांदी ८३३, वजन २८ ग्रॅमच्या थोडं वर, आणि नाणं कधीही पाडलेलं असो, त्यावर साल १७८० च. मस्कतच्या मुत्रा सूकमध्ये किंवा निझवाच्या बाजारात एखाद्या जुन्या हारावर ठळक ९२५ कोरलेलं दिसलं, तर उलट तिथेच शंका घ्यावी: जुन्या कारागिराला त्या आकड्याशी काही देणंघेणं नव्हतं.

शिक्का कोणाचा?

इथे थोडं थांबायला हवं, कारण हॉलमार्क हा शब्द सगळे सरसकट वापरतात आणि त्यामागच्या व्यवस्था मात्र देशागणिक वेगळ्या आहेत.

पहिली व्यवस्था ब्रिटनसारखी. तिथे दागिना घडवणाऱ्याला स्वतः हॉलमार्क करता येत नाही. माल तपासणी कार्यालयात जातो, तिथे त्याचा कस लागतो आणि मगच ठसा बसतो. अशी चार कार्यालयं आहेत आणि प्रत्येकाची खूण ठरलेली: लंडनचं बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफील्डचं गुलाबाचं फूल, एडिंबराचा किल्ला. पूर्ण हॉलमार्कमध्ये सध्या तीन गोष्टी सक्तीच्या आहेत: माल पाठवणाऱ्याची आद्याक्षरं, शुद्धतेचा आकडा आणि कार्यालयाची खूण. स्टर्लिंगचा चालता सिंह आणि सालाचं अक्षर १९९९ पासून ऐच्छिक आहे, तरी सिंह अजून पुष्कळ कामावर दिसतो. पण १९७३ च्या हॉलमार्किंग कायद्यात एक सूट आहे, ती बहुतेक पर्यटकांना माहीत नसते. ७.७८ ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीच्या वस्तूला हॉलमार्क लागत नाही. त्यामुळे लंडनमध्ये नाजूक कानातल्यांवर ठसा नसेल तर दुकानदाराशी वाद घालू नका. मात्र वीस ग्रॅमचं कडं बिनठशाचं असेल आणि तो त्याला चांदी म्हणत असेल, तर तो कायदा मोडतोय.

नेदरलँड्समध्येही तपासणी सक्तीची आहे. फ्रान्समध्ये चांदीवर १८३८ पासून मिनर्व्हा देवीचं शिरस्त्राण घातलेलं मस्तक असतं. ते इतकं बारीक असतं की भिंगाशिवाय नुसता एक पुसट ठिपका दिसतो. आणखी एक खूण ओळखून ठेवा: तराजूचं चित्र आणि त्यात शुद्धतेचा आकडा. १९७२ च्या व्हिएन्ना करारातला हा सामाईक ठसा आहे आणि करारातले देश एकमेकांची तपासणी मान्य करतात. तराजू दिसला म्हणजे माल अधिकृत कार्यालयातून गेलेला आहे.

दुसरी व्यवस्था इटलीची. ठसा कारखानदार स्वतः मारतो, पण त्याला क्रमांक नोंदवून मिळालेला असतो: एक तारा, मग आकडा, मग प्रांताची दोन अक्षरं. अरेझ्झोसाठी ए-आर, विचेन्झासाठी व्ही-आय. खोट निघाली तर माणूस सापडतो. मेक्सिकोत तास्को या चांदीच्या गावाची पद्धत याच्या जवळची. तिथल्या आजच्या चांदीच्या धंद्याला विल्यम स्प्रॅटलिंग या अमेरिकन माणसाने १९३१ मध्ये काढलेल्या कार्यशाळेने वळण दिलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या मालावर गरुडाचा ठसा येई. १९८० च्या सुमारास त्याच्या जागी अक्षर-क्रमांकाची नोंदणी आली: पहिलं अक्षर गावाचं, दुसरं कारागिराच्या नावाचं, मग आकडा. म्हणजे टी ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि सोबत ९२५, अशी जोडी बघायची. नुसतं ९२५ आणि बाजूला काहीच नाही, तर तो माल कोणाचाही असू शकतो. जपानमध्ये तपासणी ऐच्छिक आहे. सरकारी टांकसाळीची खूण असेल तर राष्ट्रध्वज आणि पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात शुद्धतेचा आकडा.

तिसरी व्यवस्था, म्हणजे खरं तर व्यवस्थेचा अभाव. अमेरिकेत सरकारी तपासणी कार्यालय नाही आणि ठसा मारायची सक्तीही नाही. स्टर्लिंग किंवा ९२५ असं लिहिलं, तर त्यासोबत बनवणाऱ्याचं नोंदलेलं चिन्हही असावं असा तिथला कायदा आहे. म्हणून एकाकी आकड्यापेक्षा आकडा आणि चिन्ह ही जोडी जास्त विश्वासाची. बाली, थायलंड, नेपाळ, मोरोक्कोच्या पर्यटक-बाजारांत तुम्हाला जे ९२५ दिसेल ते बहुधा बनवणाऱ्याने किंवा विकणाऱ्याने मारलेलं असतं. त्याचा अर्थ माल खोटा असा नाही. बालीतलं चेलुक किंवा चियांग माईचा वुआलाई रस्ता इथे पिढीजात कारागीर बसले आहेत. फक्त तिथे शिक्का तुमच्यासाठी काही सिद्ध करत नाही, आणि पडताळणीचं काम तुमच्याकडे येतं.

चांदी नसलेली चांदी

नावात चांदी आणि धातूत शून्य, असे काही प्रकार आहेत. जर्मन सिल्व्हर किंवा निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. तोच धातू लॅटिन अमेरिकेत 'अल्पाका' नावाने विकतात, आणि प्रामाणिक दुकानदार तसं लिहूनही ठेवतो. वाचायचं काम आपलं. 'प्लाता' म्हणजे चांदी, 'प्लातेआदो' म्हणजे चांदीचा मुलामा. ई-पी-एन-एस ही चार रोमन अक्षरं दिसली की निकेल सिल्व्हरवर चांदीचं पाणी. तिबेटी सिल्व्हर हे तर धातूचं नावच नाही, शैलीचं आहे. त्यात चांदी असलीच तर नावापुरती. चीनमध्ये मियाओ चांदी म्हणून मिळणाऱ्या स्वस्त मालाचंही बहुतेक तेच.

हे दागिने घेऊ नयेत असं मी म्हणत नाही, काही दिसायला फार सुरेख असतात. पण भाव चांदीचा देऊ नका, आणि निकेलची ॲलर्जी असेल तर कानात तर मुळीच घालू नका.

कुठे शिरायचं, कुठे नाही

तुम्हाला दुकानापर्यंत जो आणून सोडतो त्याला बहुतेक वेळा तिथून काहीतरी मिळतं. हे रिक्षावाल्याला लागू, टूर गाइडला लागू आणि क्रूझवर वाटलेल्या 'शिफारस केलेल्या दुकानां'च्या नकाशालाही लागू. त्या नकाशातली जागा दुकानांनी पैसे भरून घेतलेली असते. बँकॉकची जुनी युक्ती तर आता पाठ्यपुस्तकात घालावी इतकी प्रसिद्ध आहे: राजवाड्याबाहेर एक सभ्य गृहस्थ सांगतो की आज राजवाडा बंद आहे, मग स्वस्तात टुकटुक ठरवून देतो, आणि ती थांबते 'सरकारी' रत्नांच्या दुकानात, जिथे सवलतीचा नेमका शेवटचा दिवस असतो. 'हे तुमच्या देशात दुप्पट भावाने विकाल' हे वाक्य कानावर आलं की बाहेरचा रस्ता धरा.

चांगली खूण कोणती? काउंटरवर काटा दिसतोय, ग्राहकासमोर वजन होतंय, मालाला ग्रॅमची चिठ्ठी आहे, आणि गावातली माणसंही घ्यायला आली आहेत. मागच्या खोलीत कोणी घडवताना दिसलं तर आणखी बरं. कारागिराला घाई नसली तर तो सांगतो भरपूर.

हातात आल्यावर

भिंग काढा आणि नक्षीच्या आधी झिजलेल्या जागा बघा. साखळीत कड्या एकमेकींवर घासतात तिथे, अंगठीत आतल्या कडेला, कानातल्यात कानातून जाणाऱ्या तारेवर. खाली पिवळट किंवा गुलाबी छटा डोकावत असेल तर वरचं नुसतं पाणी आहे. नव्या मुलाम्यात मात्र हे दिसत नाही. मग फाशाजवळची छोटी पट्टी बघा. बाजारात एक प्रकार नेहमी चालतो: ९२५ ची पट्टी आणि फासा खऱ्या चांदीचे, आणि त्यांना जोडलेली साखळी पितळेची. शिक्का खरा, दागिना खोटा. त्यामुळे पट्टीचा आणि साखळीचा रंग शेजारी धरून पाहा, आणि शिक्का असलेला भाग कुठे डाग देऊन जोडला आहे ते तपासा.

शिक्क्याची कडाही बघण्यासारखी असते. पंचाने मारलेल्या अक्षराभोवती धातू जरा दबलेला असतो आणि आतला तळ स्वच्छ असतो. ओतकामातून आलेला शिक्का, म्हणजे दुसऱ्या दागिन्याचा साचा घेऊन उतरवलेला, जाडसर आणि कडांना वितळल्यासारखा दिसतो. अलीकडे लेझरने कोरलेले शिक्केही असतात, ते रेघांसारखे उथळ. त्यांत वावगं काही नाही.

चुंबक लावा. चांदी चिकटत नाही. चिकटला तर लोखंड किंवा निकेल आहे, विषय संपला. फाशातली स्प्रिंग पोलादाची असते, तेवढा भाग ओढला गेला तर घाबरू नका. आणि चुंबक चिकटला नाही म्हणून खूश होऊ नका, कारण तांबं, पितळ, शिसं यांतलं काहीच चिकटत नाही.

पाण्यातलं वजन

खिशातल्या काट्याचा खरा उपयोग इथे आहे. स्टर्लिंगची घनता, म्हणजे एका घन सेंटिमीटरचं ग्रॅममधलं वजन, साधारण १०.३ ते १०.४ असते. पितळ साडेआठच्या आसपास, निकेल सिल्व्हर ८.५ ते ८.९, तांबं ८.९६, स्टील आठच्या जवळ. चांदीच्या जागी सहसा येणारे धातू तिच्यापेक्षा हलके आहेत, आणि तो फरक घरगुती काट्यावरही पकडता येतो.

मुक्कामाच्या खोलीत हे निवांत करता येतं, म्हणून मोठी खरेदी करण्याआधी त्याच दुकानातून एक लहान, भरीव, बिनखड्याचा नग घ्या. आधी तो कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. दागिना दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. हाताने अधांतरी धरून ठेवा. काट्यावर आता जो आकडा दिसतो तो दागिन्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा, म्हणजेच त्याच्या आकारमानाचा. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा.

उदाहरण घेऊ. कड्याचं वजन ३१.२० ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ३.०० आला, तर भागाकार १०.४, म्हणजे स्टर्लिंगशी जुळतं. पाण्यातला आकडा ३.६० आला तर भागाकार ८.६७, आणि मग शिक्क्यावर काहीही लिहिलेलं असो, ती चांदी नव्हे. दागिन्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आकारमान फुगवतात आणि खरी चांदीही हलकी दाखवतात, त्यामुळे बुडवल्यावर दोरा हलकेच झटका. एक-दोन ग्रॅमच्या नाजूक वस्तूंना ही रीत चालत नाही, कारण काट्याची चूक मोजमापाएवढी होते. पोकळ मणी, खडे, लाखेचं भरण, तारकाम यांनाही नाही. शिसं चांदीहून जड असतं, त्यामुळे शिसं आणि हलका धातू मिसळून घनता जुळवता येते. पण अशी चांदी बोटाने दाबली तर मऊ लागते आणि वाजवली तर बद्द वाजते.

काही दुकानांत आता एक्स-रे फ्लुरोसन्सचं पिस्तुलासारखं यंत्र असतं. दागिन्यावर धरलं की काही सेकंदांत टक्केवारी पडद्यावर येते. उपयोगी आहे, पण ते वरचाच पातळ थर वाचतं. जाड मुलामा त्याला चांदी वाटू शकतो. यंत्र आणि पाण्यातलं वजन दोन्ही जुळले तर मात्र शंकेला फारशी जागा उरत नाही.

ज्या चाचण्यांवर विसंबू नये

बर्फाचा खडा चांदीवर झपाट्याने वितळतो, हे खरंच आहे; उष्णता वाहून नेण्यात चांदी सगळ्या धातूंत पुढे. पण तांबं तिच्या लगेच मागे आहे, आणि मुलामा दिलेल्या तांब्यावर बर्फ जवळजवळ तसाच वितळतो. पांढऱ्या रुमालाने घासून काळा डाग येतो का बघायचं, हीही अर्धवट कसोटी: ऱ्होडियम या न काळवंडणाऱ्या धातूचा थर दिलेल्या खऱ्या चांदीवर काहीच येत नाही. नक्षीच्या खोबणीतला काळेपणा तर काहीच सांगत नाही. तो गंधकाच्या रसायनाने मुद्दाम आणलेला असतो आणि तांबं, पितळही त्याने तसंच काळवंडतं. 'हे बघा, काळं पडलंय म्हणजे खरी चांदी' असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि काटा काढा.

भाव ठरवताना

ग्रॅमचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी विचारा. यंत्रावरच्या साध्या साखळीत घडणावळ थोडी असते. हाताच्या तारकामात, म्हणजे तुर्कस्तानात मार्दीनच्या बाजूचं मिद्यात किंवा जावामधलं कोतागेदे इथल्या कामात, मजुरी धातूच्या किमतीलाही मागे टाकू शकते आणि ती रास्तही असते. तिथे ग्रॅमच्या भावावरून घासाघीस करणं म्हणजे कारागिराच्या महिन्याच्या मेहनतीला भंगाराच्या काट्यात घालणं. साध्या मालावर मात्र तळाच्या आकड्यापासून खुशाल सुरुवात करा.

खड्यांचं वेगळं. विक्रेता खड्यासकट वजन करून चांदीचा भाव लावत असेल तर तुम्ही दगड चांदीच्या भावाने घेताय. शिवाय फिरोज्याच्या जागी रंगवलेला हाउलाइट हा पांढरा दगड किंवा भुकटी चिकटवून केलेला दगड फार मिळतो. खड्याची जात पावतीवर लिहून द्यायला तो तयार नसेल, तर तो खडा काच समजूनच भाव करा.

पावती

माझ्या मते सगळ्या चाचण्यांत ही सर्वांत चांगली, आणि फुकटची. पैसे देण्याआधी विचारा: 'पावतीवर चांदी ९२५, ग्रॅममध्ये वजन, आणि दुकानाचा पत्ता लिहून द्याल?' स्थानिक शब्द असला तरी चालेल, स्पॅनिशमध्ये प्लाता, तुर्कीत गुमुश, इंडोनेशियात पेराक, अरबीत फिद्दा. खरा व्यापारी लगेच पेन उचलतो. जो 'शिक्का आहे ना, मग काय' म्हणतो, किंवा नुसतं 'दागिना, १ नग' लिहितो, त्याच्याकडून मी घेत नाही, भाव कितीही चांगला असला तरी. लिहून देणं म्हणजे दाव्याखाली सही करणं, आणि खोट विकणारा तिथेच अडखळतो.

शक्य असेल तिथे पैसे क्रेडिट कार्डाने द्या. माल खोटा निघाला तर बँकेकडे तक्रार करायला वाट राहते, रोखीत ती नसते. यंत्रावर 'तुमच्या चलनात भरायचं का?' असा पर्याय आला तर नको म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. त्या सोयीचा विनिमय दर बहुतेक वेळा तुमच्या बँकेपेक्षा महाग पडतो.

बाहेर पडताना

युरोपीय संघात बाहेरच्या पर्यटकाला व्हॅट परत मिळू शकतो. किमान खरेदीची मर्यादा देशागणिक बदलते, पण ती १७५ युरोच्या वर नसते. खरेदीच्या वेळीच पासपोर्ट दाखवून कागद करून घ्या. खरेदीच्या महिन्यानंतरच्या तीन महिन्यांत माल संघाबाहेर जायला हवा, आणि विमानतळावर सामान सोडण्याआधी कस्टमचा शिक्का घ्यायला हवा. दागिना हातातल्या बॅगेत ठेवा, अधिकारी बघायला मागू शकतो. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या दुकानातून स्वतः उचलून नेलेल्या मालावर ही सवलत २०२१ पासून बंद आहे.

जुन्या वस्तूंच्या बाबतीत भीड बाळगू नका, स्पष्ट विचारा. तुर्कस्तानात पुरातन वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर अडकलेल्या पर्यटकांवर खटले झाले आहेत. 'शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचं' असं कौतुकाने सांगणाऱ्या विक्रेत्याकडे निर्यातीचा कागद मागा. बहुतेकदा वस्तू क्षणात नवीकोरी होते. हस्तिदंत, कासवाची पाठ, काळं पोवळं जडवलेली चांदी दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स करारामुळे सीमेवर अडते, तिला हातच लावू नका.

घरी परतल्यावर पावती आणि शिक्क्याचा जवळून घेतलेला फोटो एकत्र ठेवा. मोठी खरेदी असेल तर कार्डाच्या तक्रारीची मुदत संपायच्या आत दागिना तपासणी केंद्रात नेऊन दाखवा, आणि अहवाल लेखी घ्या. पाण्यातलं वजन आणि यंत्राचा आकडा जुळत नसतील, तर आत न दिसणाऱ्या एखाद्या जागी बारीक कानस मारून तिथे पुन्हा यंत्र लावायला सांगा. मुलाम्याखालचा धातू तिथे उघडा पडतो.